नील-हरित शेवाळातल्या विषाच्या जनुकांचा वंशवृक्ष कसा काढावा: धरणाच्या काठापासून निष्कर्षापर्यंत

उन्हाळा लागला की खानदेशातल्या धरणांचं पाणी खाली जातं आणि उरलेल्या पाण्यावर, वारा लोटेल त्या काठाला, हिरवी साय जमते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या आणि जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना त्यात प्रकल्प दिसतो, आणि तो आहेच. पण अहवाल वाचायला घेतले की बहुतेकांची वाट एकच असते. बाटलीभर पाणी आणलं, सगळ्याचा मिळून डीएनए काढला, १६एस (जिवाची ओळख पटवणारं जनुक) केलं, विषाच्या क्लस्टरमधलं (विष बनवणाऱ्या, शेजारी-शेजारी असलेल्या जनुकांच्या गटातलं) एमसीवाय-ई केलं, दोन वंशवृक्ष शेजारी ठेवले. ते जुळले नाहीत. निष्कर्ष: क्षैतिज जनुक हस्तांतरण, म्हणजे जनुक पूर्वजांकडून न येता दुसऱ्या जीवाकडून आलं.

हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि चूक शेवटच्या पानावर झालेली नसते. ती बाटलीत झालेली असते. एका बाटलीत चार-पाच प्रकारची शेवाळं असतात. १६एसचा सिक्वेन्स त्यातल्या सर्वांत जास्त असलेल्याचा येतो, विषाच्या जनुकाचा सिक्वेन्स ज्याच्याकडे ते जनुक आहे त्याचा येतो. दोन वेगळ्या जीवांचे वंशवृक्ष जुळतील कशाला?

म्हणून पूर्ण कामात एक अट सांभाळायची: तुलना करायचे दोन्ही सिक्वेन्स एकाच कॉलनीतून किंवा एकाच शुद्ध कल्चरमधून आलेले पाहिजेत. पुढचे टप्पे याच अटीभोवती लावले आहेत. पीसीआर मशीन (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती काढणारं), जेल, सेंट्रिफ्यूज आणि साधा स्टिरिओ मायक्रोस्कोप असेल तर पदव्युत्तर प्रयोगशाळेत हे जमतं. सिक्वेन्सिंग बाहेरून करून घ्या.

## टप्पा १: आधी प्रश्न, मग प्रायमर

प्रायमर (जनुकाचा कोणता तुकडा वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) फ्रीजमध्ये आहेत म्हणून त्यांवर प्रकल्प बेतू नका. विषाच्या क्लस्टरबद्दल तीन वेगळे प्रश्न विचारता येतात आणि तिघांना वेगळी जनुकं लागतात.

पहिला प्रश्न: इथल्या शेवाळात हा क्लस्टर आहे का? मायक्रोसिस्टिन हे यकृताला मारक असलेलं विष बनवणारा क्लस्टर मायक्रोसिस्टिस या शेवाळात सुमारे ५५ हजार बेसजोड्यांचा आहे. त्यात एमसीवाय-ए ते एमसीवाय-जे अशी दहा जनुकं आहेत. पीसीसी ७८०६ या त्याच्या स्ट्रेनमधला (वाणातला) त्याचा पूर्ण सिक्वेन्स २००० साली प्रसिद्ध झाला. नुसतं असणं-नसणं बघायचं तर एमसीवाय-ई पुरतं. त्यातल्या अमिनोट्रान्सफरेज भागासाठी हेप-एफ आणि हेप-आर ही प्रायमरची जोडी सर्रास वापरतात. तिचा तुकडा ४७२ बेसजोड्यांचा येतो.

दुसरा प्रश्न: क्लस्टर पूर्वजांकडून वारशाने आला की आडव्या वाटेने? यासाठी एमसीवाय-डी, एमसीवाय-ई, एमसीवाय-जी यांसारखी जनुकं घ्या. ही अड्डा नावाचं अमिनो आम्ल घडवण्याच्या कामात असतात. ते या विषाच्या रेणूचा गाभा आहे, त्यामुळे त्यात फार ढवळाढवळ चालत नाही आणि वारशाची खूण टिकून राहते. एकट्या ४७२ बेसच्या तुकड्यावर वंशवृक्षाचा निकाल लावू नका. किमान दोन जनुकं घ्या, जमलं तर तीन.

तिसरा प्रश्न: क्लस्टरच्या आत अदलाबदल होऊन विषाचे नवे प्रकार कसे तयार होतात? मग एमसीवाय-ए, बी आणि सी यांतले अ‍ॅडेनिलेशन भाग बघा. कोणतं अमिनो आम्ल जोडायचं हे तेच ठरवतात आणि ही अदलाबदल, म्हणजे पुनर्संयोजन, तिथेच जास्त दिसतं. मायक्रोसिस्टिनचे अडीचशेहून अधिक प्रकार माहीत आहेत, त्यामागचं मोठं कारण हे.

सावधान: दुसऱ्या प्रश्नासाठी तिसऱ्या प्रश्नाची जनुकं घेतलीत तर वंशवृक्ष हमखास विस्कटेल आणि ती क्लस्टरच्या स्थलांतराची खूण वाटेल. एमसीवाय-बी वरून वारसा ठरवलेला अहवाल बघितला की पुढची पानं वाचायची गरज उरत नाही.

मायक्रोसिस्टिनखेरीज दुसरी विषंही आहेत. सॅक्सिटॉक्सिनचा एसएक्सटी क्लस्टर सुमारे ३५ हजार बेसचा, सिलिंड्रोस्पर्मोप्सिनचा सीवायआर क्लस्टर सुमारे ४३ हजारांचा. ती हाताळायची तर प्रायमर आणि कंट्रोल स्ट्रेन दोन्ही बदलतात. पहिल्या प्रकल्पाला एकच क्लस्टर घ्या.

## टप्पा २: घरातून निघण्यापूर्वी

धरणावर जायचं तर पाटबंधारे खात्याचं पत्र हवं, शहरातल्या तलावासाठी महापालिकेचं. जळगावचा मेहरूण तलाव असो की तापी-पूर्णा संगमाजवळचं हातनूरचं बॅकवॉटर, तोंडी परवानगीवर काम करू नका. पुढे शोधनिबंधाच्या वेळी ते पत्र मागितलं जातं. डीएनए किंवा जिवंत कल्चर परदेशी पाठवायचा विचार असेल तर जैवविविधता कायद्याखालची परवानगी त्याआधीच बघा.

जाण्याआधी काठावरच्या मासेमारांना, गुराख्यांना विचारा: साय कधी येते, कोणत्या काठाला येते, गुरं ते पाणी पितात का. अहिराणीत विचारलंत तर लोक मोकळेपणी सांगतात. त्यांनी दाखवलेल्या जागेवर तासाभराची पायपीट वाचते.

सामान काढून ठेवा:

- निर्जंतुक काचेच्या बाटल्या, प्रत्येक ठिकाणासाठी चार
- २० ते २५ मायक्रॉन जाळीचं प्लवक-जाळं
- ल्यूगॉलचं (आयोडीनचं) द्रावण
- थर्मामीटर, पीएच मीटर
- नायट्राइल हातमोजे, गमबूट, डोळ्यांना चष्मा
- बर्फाची पेटी आणि बर्फाला बाटली चिकटू नये म्हणून मधे घालायला जाड कापड
- पाण्याने न पुसणाऱ्या शाईचं पेन

सावधान: सायीला उघडा हात लावू नका, ती तोंडाजवळ उडू देऊ नका. मायक्रोसिस्टिन उष्णतेला दाद देत नाही. पाणी उकळल्याने ते नष्ट होत नाही, उलट पेशी फुटून विष पाण्यात मोकळं होतं. काठावरच्या माणसांनी विचारलं तर हेच सांगा: हिरवी साय आलेलं पाणी गाळून किंवा उकळून पिण्याजोगं होत नाही, आणि गुरांना त्या काठाला पाणी पाजू नये.

## टप्पा ३: नमुना, सकाळी आणि चार वाटांनी

सकाळी लवकर पोहोचा. मायक्रोसिस्टिसच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पुटिका असतात. रात्री पेशींतली जड पिष्टमय द्रव्यं वापरली जातात, पेशी हलक्या होतात आणि पहाटे वर तरंगतात. वारा सुटला की साय फाटते, कोपऱ्यात लोटली जाते, आणि मग तुम्ही घेतलेला नमुना तलावाचा न राहता त्या कोपऱ्याचा होतो. खानदेशातल्या एप्रिल-मेच्या उन्हात दुपारचं काम तसंही अंगावर येतं, पारा ४५ अंशांकडे गेलेला असतो.

प्रत्येक ठिकाणी नमुना चार बाटल्यांत वाटा. एक जिवंत ठेवायची, कॉलनी वेचण्यासाठी. दुसरी डीएनएसाठी. तिसरीत ल्यूगॉल, पाण्याला फिकट तपकिरी रंग येईल इतकं, मोजणी आणि ओळखीसाठी. चौथी विष मोजण्यासाठी. काठावर उभं असताना चार बाटल्या म्हणजे उगाच ओझं वाटतं, पण शेवटच्या टप्प्यात यातली एक जरी नसली तर पुढच्या उन्हाळ्याची वाट बघावी लागते.

जिवंत बाटली तोंडापर्यंत भरू नका, अर्धी रिकामी ठेवा. ती गोठता कामा नये, म्हणून बर्फ आणि बाटली यांच्यात कापड. तापीवर प्रकाशाला नमुना घेऊन जळगावला आणायचा तर तीन-चार तास मोडतात, आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवलेली बाटली तेवढ्यात सडते.

सावधान: डीएनएच्या बाटलीत फॉर्मालिन घालू नका. त्याने डीएनए तुटतो आणि जखडतो. ल्यूगॉल घातलेली बाटली मायक्रोस्कोपसाठीच ठेवा.

तपासणी: चारही बाटल्यांवर ठिकाण, तारीख, वेळ आणि एकच क्रमांक आहे का? वहीत अक्षांश-रेखांश, पाण्याचं तापमान, पीएच आणि वाऱ्याची दिशा उतरवली का? गाडीत बसण्यापूर्वी बघा.

## टप्पा ४: एक कॉलनी वेगळी काढणं

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. बहुतेक जण हाच टप्पा गाळतात.

जिवंत नमुन्यातला एक थेंब निर्जंतुक बीजी-११ माध्यमात इतका पातळ करा, की मायक्रोस्कोपखाली एका दृष्टिक्षेत्रात दोन-तीनच कॉलन्या दिसाव्यात. काचेचा पाश्चर पिपेट ज्योतीवर मऊ करून ओढा आणि त्याचं टोक केसाएवढं बारीक करा. टोक कॉलनीपेक्षा थोडंसंच मोठं हवं. जास्त मोठं असलं तर शेजारच्या पेशी सोबत येतात, लहान असलं तर कॉलनी फुटते.

आता कॉलनीकडे नीट बघा. मायक्रोसिस्टिसची कॉलनी म्हणजे पारदर्शक श्लेष्मात बसवलेले गोल, गडद ठिपके. वायूपुटिकांमुळे पेशी काळपट चमकतात. श्लेष्माच्या कडेला कधी कधी एखादा सुतासारखा बारीक तंतू चिकटलेला असतो. तो दुसऱ्याच शेवाळाचा असतो. त्याच्याकडे वेगळा क्लस्टर असू शकतो आणि तो तुमच्या निकालात शिरतो. असा तंतू दिसला की ती कॉलनी सोडा, दुसरी घ्या.

वेचलेली कॉलनी निर्जंतुक माध्यमाच्या थेंबात सोडा. तिथून पुन्हा ओढून दुसऱ्या थेंबात, मग तिसऱ्यात. प्रत्येक वेळी टोक बदला किंवा ज्योतीत धरा. शेवटच्या थेंबात कॉलनीशिवाय काही हलताना दिसत नसेल तर ती पीसीआर नळीत घाला आणि मायनस २० अंशांवर ठेवा. त्याच ठिकाणच्या आणखी काही कॉलन्या बीजी-११ भरलेल्या प्लेटच्या खळग्यांत एक-एक करून सोडा, सुमारे २५ अंश, मंद प्रकाश. प्रखर प्रकाशात नव्या वेचलेल्या कॉलन्या मरतात. वाढ दिसायला काही आठवडे लागतात आणि सगळ्या जगत नाहीत, म्हणून जास्त वेचून ठेवा.

एक कॉलनी म्हणजे थोडाच डीएनए. त्यातून दोन-तीन पीसीआर निघतात, सात-आठ जनुकं निघत नाहीत. पूर्ण तुलना करायची तर वाढवलेलं कल्चरच लागतं.

कल्चर आलं तरी त्यातले सोबतचे जिवाणू जात नाहीत, ते श्लेष्मातच राहतात. म्हणूनच पुढे १६एससाठी सायनोबॅक्टेरियापुरते (म्हणजे नील-हरित शेवाळापुरते) प्रायमर वापरायचे.

तपासणी: प्रत्येक कॉलनीचा मायक्रोस्कोपखालचा फोटो, त्यावर नळीचा क्रमांक. फोटो नसलेल्या नळीतला सिक्वेन्स वंशवृक्षात घालू नका.

## टप्पा ५: डीएनए, श्लेष्माशी झुंज

कल्चर सेंट्रिफ्यूज केलं तरी गाळ खाली बसत नाही, वरच हिरवा थर राहतो. कारण त्याच वायूपुटिका. कल्चर जाड प्लास्टिकच्या सिरिंजमध्ये भरा, हवा काढून टाका, टोक घट्ट बंद करा आणि दट्ट्या एकदम जोराने दाबा. दाबाने पुटिका फुटतात, फिकट दुधाळ हिरवं द्रावण डोळ्यांदेखत गडद होतं. मग सेंट्रिफ्यूज करा, पेशी तळाशी बसतील.

पुढचा क्रम बदलायचा नाही:

१. पेशी तीन वेळा गोठवा-वितळवा.
२. लायसोझाइम घाला, ३७ अंशांवर अर्धा ते एक तास.
३. त्यानंतरच एसडीएस आणि प्रोटीनेज-के, ५५ अंशांवर. प्रोटीनेज आधी घातलं तर ते लायसोझाइमच खाऊन टाकतं.
४. मिठाचं प्रमाण वाढवून, ०.७ मोलरच्या वर, सीटॅब (शर्करा बाजूला काढणारं रसायन) घाला, ६५ अंशांवर दहा-पंधरा मिनिटं. मीठ कमी पडलं तर सीटॅब डीएनएलाच गाळात नेतं.
५. क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल २४:१, हलकेच उलटसुलट करून. पांढरा पडदा दिसेनासा होईपर्यंत पुन्हा करा.
६. आयसोप्रोपॅनॉल, ७० टक्के इथेनॉलची धुलाई, टीई बफरमध्ये विरघळवणं.

आयसोप्रोपॅनॉल घातल्यावर भेंडी चिरताना सुटते तशी चिकट तार दिसली, तर तो डीएनए नसून पॉलिसॅकराइड आहे. ते तसंच पुढे नेलं की पीसीआर बंद पडतो. सीटॅबची पायरी पुन्हा करा.

तपासणी: २६०/२८० गुणोत्तर १.८ च्या आसपास हवं. पण या शेवाळात खरी गोष्ट सांगतं ते २६०/२३०. ते १.५ च्या खाली असेल तर शर्करा किंवा रसायनं उरली आहेत. नुसता २८० चा आकडा बघून समाधान मानू नका. एक टक्का अ‍ॅगारोजवर डीएनएचा वरच्या बाजूला घट्ट पट्टा दिसला पाहिजे.

नमुन्यांबरोबर एक रिकामी नळीही सगळ्या पायऱ्यांतून न्या, शेवाळ न घालता. रसायनांत कुठून डीएनए आलाय का, हे तीच सांगते.

## टप्पा ६: पीसीआर, आधी १६एस

प्रत्येक डीएनएवर आधी सायनोबॅक्टेरियाचं १६एस करा. तो बँड आला नाही तर विषाच्या जनुकाचा बँड न येण्याला काहीच अर्थ नाही. 'क्लस्टर अनुपस्थित' असं लिहिलेल्या कित्येक रकान्यांत खरं कारण पीसीआर दबणं हे असतं. १६एस फसलं तर डीएनए दहापट आणि पन्नासपट पातळ करून बघा, मिश्रणात बीएसए घाला. तरीही नाही आलं तर मागच्या टप्प्यावर जा.

विषाच्या जनुकासाठी अ‍ॅनीलिंगचं तापमान कुणाच्या तरी अहवालातून उचलू नका. आपल्या मशीनवर ५० ते ५८ अंशांचा ग्रेडियंट लावा आणि जिथे एकच स्वच्छ बँड येतो ते तापमान ठरवा. प्रत्येक खेपेला चार कंट्रोल हवेत: पीसीसी ७८०६ चा डीएनए, ज्यात क्लस्टर आहे, सिनेकोसिस्टिस पीसीसी ६८०३, ज्यात तो नाही, नुसतं पाणी, आणि मघाची रिकामी नळी.

सावधान: पीसीसी ७८०६ ची नळी सर्वांत शेवटी उघडा, शक्यतो वेगळ्या टेबलावर. कंट्रोलचाच डीएनए सगळीकडे पसरला तर प्रत्येक तलावात एकच स्ट्रेन सापडल्याचा चमत्कार होतो. तुमचे सगळे सिक्वेन्स ७८०६ शी शंभर टक्के जुळले तर आनंद बाजूला ठेवा आणि दूषितीकरण शोधा.

## टप्पा ७: सिक्वेन्स स्वतः वाचा

सिक्वेन्सिंग नेहमी दोन्ही बाजूंनी करून घ्या. कंपनीकडून आलेली फास्टा फाइल तशीच वापरू नका, क्रोमॅटोग्राम (रंगीत शिखरांचा मूळ आलेख) उघडा. एका जागी दोन रंगांची शिखरं एकावर एक दिसली आणि असं जागोजागी होत असेल, तर नमुना मिश्र आहे. तिथे 'मोठं शिखर कोणतं' असं बघून अक्षर टाकणं म्हणजे अस्तित्वात नसलेलं जनुक घडवणं. कॉलनी पुन्हा वेचा, किंवा क्लोनिंग करून सिक्वेन्स सुटे करा.

दोन्ही टोकांवरचा प्रायमरचा भाग कापा. तो सिक्वेन्स प्रायमरचा असतो, शेवाळाचा नव्हे. ठेवलात तर सगळे नमुने खोटे सारखे दिसतात. ही चूक इतकी सर्रास आहे की छापून आलेल्या वंशवृक्षांतही सापडते.

मग ब्लास्ट करा, म्हणजे सिक्वेन्स जागतिक संग्रहातल्या सिक्वेन्सशी ताडून बघा. हेप प्रायमर एमसीवाय-ई बरोबरच नोड्युलारिन या मायक्रोसिस्टिनसारख्या विषाच्या क्लस्टरमधलं एनडीए-एफ सुद्धा उचलतात, तेव्हा सर्वांत जवळचा सिक्वेन्स ते विष बनवणाऱ्या नोड्युलारियाचा आहे का ते बघा. शेवटी प्रथिनात भाषांतर करा. मधेच स्टॉप कोडॉन आला तर क्रोमॅटोग्रामकडे परत जा. तिथे अक्षर स्पष्ट असेल तर तो सिक्वेन्स फेकू नका. मोडलेलं जनुक हा उत्क्रांतीचाच पुरावा आहे आणि टप्पा ९ मध्ये तो लागतो.

## टप्पा ८: मांडणी आणि वंशवृक्ष

संदर्भासाठी मायक्रोसिस्टिस, प्लँक्टोथ्रिक्स, डोलिकोस्पर्मम (जुनं नाव अ‍ॅनाबीना), नॉस्टॉक यांचे विषनिर्मिती करणारे स्ट्रेन घ्या आणि नोड्युलारियाचं एनडीए-एफ. दोन्ही वंशवृक्षांत नेमके तेच स्ट्रेन हवेत. एकात वीस आणि दुसऱ्यात तेरा असतील तर तुलना होत नाही.

प्रथिन बनवणाऱ्या जनुकांची मांडणी कोडॉननुसार करा: आधी अमिनो आम्लं मॅफ्ट या प्रोग्रॅमने लावा, मग त्यावर न्यूक्लिओटाइड बसवा. नुसते न्यूक्लिओटाइड लावले की तिनाच्या पटीत नसलेल्या फटी पडतात आणि पुढचं सगळं सरकतं. फायली डोळ्यांनी बघा. वंशवृक्षासाठी आयक्यू-ट्री हा प्रोग्रॅम घ्या, मॉडेल त्यालाच निवडू द्या, अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप (फांदी किती भक्कम ते मोजणारी फेरचाचणी) १०००.

सावधान: अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅपमध्ये ९५ च्या खालची फांदी भक्कम मानत नाहीत. साध्या बूटस्ट्रॅपचा ७० चा निकष इथे लावला की कच्च्या फांद्याही पक्क्या वाटू लागतात.

आणखी एक अडचण. मायक्रोसिस्टिसच्या वेगवेगळ्या स्ट्रेनमध्ये १६एस ९९ टक्क्यांहून अधिक सारखं असतं. प्रजातींमधली तुलना त्यावर होते, पण हातनूरच्या आणि मेहरूणच्या मायक्रोसिस्टिसमधला फरक १६एस सांगू शकत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या स्ट्रेनची तुलना करायची असेल तर एफटीएस-झेड, जीएलएन-ए, जीएलटी-एक्स, जायआर-बी, पीजीआय, आरईसी-ए आणि टीपीआय ही सात गृहजनुकं (पेशीच्या रोजच्या कामाची जनुकं) वापरा. २००७ पासून मायक्रोसिस्टिससाठी हाच संच रूढ आहे. सगळी सात परवडत नसतील तर तीन-चार तरी.

जीनोम सिक्वेन्स करायची ऐपत असेल तर अँटीस्मॅश हे सॉफ्टवेअर पूर्ण क्लस्टर दाखवतं. पण छोट्या रीड्सवर (सिक्वेन्सर एका वेळी वाचतो त्या तुकड्यांवर) विसंबू नका. या क्लस्टरमधली मॉड्यूल (एकेक अमिनो आम्ल जोडणारे भाग) एकमेकांसारखी असल्याने जुळणी तिथेच तुटते आणि क्लस्टर अर्धवट आहे असा भास होतो. लांब रीड्स घ्या.

## टप्पा ९: वंशवृक्ष जुळले नाहीत तर, या क्रमाने विचार करा

क्षैतिज हस्तांतरण हे स्पष्टीकरण सर्वांत शेवटी येतं. त्याआधीची चार तपासून संपवा.

एक, नमुना. दोन्ही सिक्वेन्स एकाच क्रमांकाच्या कॉलनीचे आहेत का? फोटो काढा, वही काढा. इथेच निम्मी प्रकरणं मिटतील.

दोन, कमजोर फांद्या. न जुळणाऱ्या जागी दोन्ही बाजूंना भक्कम आधार आहे का? एका बाजूची फांदी साठ-सत्तरवर लटकत असेल तर विसंगतीच नाही. एयू चाचणी किंवा एसएच चाचणी लावून बघा. एमसीवायचा डेटा १६एसचा आराखडा खरोखर नाकारतो का, हे ती सांगते. नुसत्या नजरेने दोन वंशवृक्षांची तुलना म्हणजे पुरावा नव्हे.

तीन, पुनर्संयोजन. जनुकाच्या एका भागाचा इतिहास वेगळा आणि दुसऱ्याचा वेगळा असू शकतो. फाय चाचणी आणि आरडीपी वापरा. जोड सापडला तर त्या जागी जनुक तोडून दोन्ही भागांचे वेगळे वंशवृक्ष काढा.

चार, जनुक गळणं. एकाच प्रजातीत विष करणारे आणि न करणारे स्ट्रेन शेजारी-शेजारी सापडतात. असा विखुरलेला नमुना बघून क्लस्टर इकडून तिकडे उडत असावा असं वाटतं. पण २००४ साली एमसीवाय जनुकांचा इतिहास १६एस आणि आरपीओ-सी-१ हे गृहजनुक, यांच्या इतिहासाशी ताडून बघितला गेला, तेव्हा दोन्ही जुळले. क्लस्टर फार जुना आहे, आणि आज तो ज्यांच्याकडे नाही त्यांतल्या कित्येकांच्या पूर्वजांनी तो गमावला. प्लँक्टोथ्रिक्समध्ये याचा थेट पुरावा आहे: विष न करणाऱ्या काही स्ट्रेनमध्ये क्लस्टरच्या जागी त्याच्या कडेचे अवशेष उरलेले दिसतात. नसलेल्या जनुकाच्या जागी काय आहे, हे म्हणून बघायचं असतं. क्लस्टरच्या दोन्ही बाजूंच्या शेजारी जनुकांवर प्रायमर बांधा आणि मधली जागा वाढवून बघा. अवशेष सापडले तर उत्तर 'गमावलं' हे आहे.

नोड्युलारिनचा क्लस्टर हे याच प्रकारचं आणखी मोठं उदाहरण. मायक्रोसिस्टिन सात अमिनो आम्लांचं कडं आहे, नोड्युलारिन पाचांचं. मायक्रोसिस्टिनच्या क्लस्टरमधली मधली दोन मॉड्यूल गळून तो तयार झाला, असं मानलं जातं. तुमच्या वंशवृक्षात एनडीए-एफ जर एमसीवाय-ई च्या फांद्यांमध्येच बसलं, तर ती चूक समजून काढून टाकू नका.

या चारांनंतरही भक्कम विसंगती उरली, तरच हस्तांतरणाचं नाव घ्या. आणि तेव्हाही जोडीला पुरावा हवा: क्लस्टरचं जीसी प्रमाण (डीएनएतल्या जी आणि सी अक्षरांचा वाटा) किंवा कोडॉनची सवय उरलेल्या जीनोमपेक्षा वेगळी आहे का, कडेला ट्रान्सपोझेज (उड्या मारणाऱ्या डीएनए तुकड्यांचं जनुक) आहे का, शेजारची जनुकं बदलली आहेत का. एकट्या ट्रान्सपोझेजवर मात्र जाऊ नका. प्लँक्टोथ्रिक्समध्ये असे उड्या मारणारे तुकडे क्लस्टरच्या आत घुसून त्यालाच बंद पाडतात, त्यातून क्लस्टर बाहेरून आल्याचं सिद्ध होत नाही.

## टप्पा १०: विष मोजा, मग 'विषारी' म्हणा

जनुक आहे म्हणजे विष आहे असं नाही. मघाचं मोडलेलं जनुक आठवा: पीसीआरचा तुकडा व्यवस्थित येतो, पण क्लस्टरमध्ये दुसरीकडे काही तुटलं असेल तर पेशी विष करत नाही. अहवालात 'विषारी स्ट्रेन' लिहायचं असेल तर चौथी बाटली काढा आणि अड्डा ओळखणारी एलायझा किंवा एलसी-एमएस, या विष मोजण्याच्या चाचण्या, करून घ्या. अहवालात शब्द नेमका वापरा: फक्त पीसीआर झाला असेल तर 'एमसीवाय-ई धारक'.

हा फरक प्रयोगशाळेपुरता नाही. ज्या धरणाचं पाणी गावाच्या नळाला जातं, त्याबद्दल नुसत्या बँडवरून 'विष सापडलं' असं वर्तमानपत्रात गेलं तर लोक घाबरतात. पुढच्या वर्षी खरंच विष सापडलं तर कुणी ऐकत नाही. मोजलेला आकडा हातात असला की बोलता येतं. मायक्रोसिस्टिन-एलआरसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा पिण्याच्या पाण्यात आयुष्यभराच्या वापरासाठी लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे, आणि अल्प काळासाठी १२. आकडा त्यापुढे गेला तर आधी पाणीपुरवठा विभागाला लेखी कळवा. आणि साय मारायला कुणी मोरचूद टाकायला निघालं तर थांबवा, कारण पेशी एकदम फुटल्या की सगळं विष पाण्यात उतरतं.

उरलेला नमुना आणि वापरलेलं माध्यम बेसिनमध्ये ओतू नका, ब्लीचमध्ये रात्रभर ठेवा. सिक्वेन्स जेनबँकेत घालताना ठिकाण, तारीख, अक्षांश-रेखांश आणि कॉलनीचा क्रमांक भरा, 'महाराष्ट्र, तलाव' एवढंच टाकू नका. १६एस, गृहजनुकं आणि एमसीवाय यांना एकच स्ट्रेनचं नाव द्या, म्हणजे पुढे कुणी तुमच्या तापीच्या स्ट्रेनची तुलना करायला घेतली तर कोणता सिक्वेन्स कुणाचा हे तिला विचारावं लागणार नाही. कल्चरची एक नळी द्रव नायट्रोजनमध्ये किंवा मायनस ८० अंशांवर, आणि एक जिवंत, दर महिन्याला नव्या बीजी-११ मध्ये घालून, प्रयोगशाळेत दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर लावून ठेवा.